तोंड उघड, दात बघू

आमच्या शाळेत मुलाचं नाव घालायचं असलं की जन्मतारखेची पंचाईत व्हायची. आई सांगायची, "चिंचा लागल्या हुत्या तवा झाला." कोणत्या साली, ते कुणालाच माहीत नसायचं. मग बाप पोराला घेऊन तात्यांच्या ओट्यावर जायचा. तात्या पोराची हनुवटी धरून म्हणायचे, "तोंड उघड, दात बघू." एखाद्याला निकाल मिळायचा, "अजून दुधाचे हायेत, पुढल्या साली आना." दुसऱ्याला, "ह्यो दोनदाती झाला. घाला नाव, गुरुजी!" मी घालत असे.

पारनेर तालुक्यातल्या त्या गावात मी मास्तर होतो आणि तात्या माझे शेजारी. त्यांचा उभा जन्म बैलबाजारात गेलेला. दात पाहिल्याशिवाय त्यांचा कुणावर विश्वास बसत नसे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाले, "पोरी, जरा हास की." ती बिचारी लाजून हसली. "वय बरोबर सांगितलंय," तात्यांनी भर बैठकीत जाहीर केलं. सोयरीक थोडक्यात वाचली.

तात्यांना मूलबाळ नव्हतं. बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि हौशा नावाचा म्हातारा बैल. बहात्तरच्या दुष्काळात गावची जनावरं कुणाची छावणीत गेली, कुणाची बाजारात. हौशाला तर कडबाही चावता येत नव्हता. तात्या त्याला भाकरी भिजवून, कुस्करून भरवायचे. "जायचाच हाय तो आता," असं स्वतः म्हणायचे, आणि दुसरं कुणी म्हणालं की अंगावर धावून जायचे.

अशातच मी दुसरीच्या मुलांना नगरला न्यायचं ठरवलं. तिथल्या एका कॉलेजात पेंढा भरलेल्या प्राण्यांचं दालन होतं. तिथला वाघ मेलेला आहे, पण जिवंत असल्यासारखा उभा आहे, असं मी वर्गात सांगत होतो. तेवढ्यात खिडकीतून तात्यांचा आवाज आला.

"किती दिस उभा ऱ्हातो?"

"वर्षानुवर्षं."

"आन वास?"

"अजिबात नाही."

सहलीच्या दिवशी धुतलेला फेटा बांधून तात्या आमच्या आधी एस.टी.च्या थांब्यावर हजर. "हौशाला बी तसंच उभं करता यील का, इचारून येतो," म्हणाले. हसावं की समजूत घालावी, मला कळेना. मी नुसतं "बरं" म्हटलं.

दालनाच्या दारातच मुलं थबकली. मोर, साळिंदर, अजगर काचेआड होते. वाघ तेवढा मोकळा. एका मुलीने माझा सदरा ओढून विचारलं, "गुरुजी, ह्यो झोपतो कवा?" मी उत्तर शोधतोय तोवर तात्यांनी वाघाच्या जबड्यात हात घातला. मुलं किंचाळली. हात बाहेर आला तो एक सुळा घेऊनच.

दालन सांभाळणारे गृहस्थ धावत आले. तात्या शांतपणे म्हणाले, "हालतच हुता. जनावर म्हातारं हाय, सायेब. फसवलं तुमाला कुनीतरी."

गृहस्थ आधी लाल झाले आणि मग हसतच सुटले. प्राणी त्यांनीच भरले होते. तात्यांनी फेटा सारखा केला आणि मुद्द्यावर आले.

"बैल भरता का?"

"मोठं काम आहे. पण होतं."

तात्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे विसाराचे पैसे देऊनच हलणार. तेवढ्यात मुलांना गंमत दाखवायची म्हणून त्या गृहस्थांनी कपाटातून एक डबा काढला. आत काचेचे डोळे होते, लहानमोठे. मुलं तुटून पडली. तात्यांनी त्यातला मोठा उचलला.

"ह्यो कुनाचा?"

"म्हशीचा. बैलालाही असाच बसतो."

तात्यांनी तो टेबलावर ठेवला. जरा डावीकडे सरकून पाहिलं, मग उजवीकडे.

"बघत न्हाई की ह्यो."

"काच आहे हो ती."

तात्यांनी डोळा जपून डब्यात ठेवला. "मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी गोठ्यात शिरलो का आमचा हौशा मान वळवून बघतो. घरात बघायला दुसरं हाय कोन? भरलेला नुस्ता उभा ऱ्हाईल आन बघनार न्हाई. ते सोसायचं न्हाई मला."

त्या गृहस्थांनी डब्याचं झाकण लावलं.

परतताना एस.टी.त मुलांना वाघ पुरत नव्हता. तात्या खिडकीशी बसून गाव कधी येतं ते बघत होते. गाव आलं तसे कुणासाठी न थांबता चालू लागले. मी मुलांना घरोघर सोडून आलो, तर ते गोठ्याच्या बाहेरच उभे. आत जायचा धीर होत नव्हता.

"गुरुजी, तुमी बघा हो जरा."

मी आत डोकावलो. हौशा कान हलवत बसून होता. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"आहे, तात्या. या तुम्ही," मी म्हणालो.

तात्या वाकून आत आले, आणि हौशाने सावकाश मान वळवली.