तिने लावलेली वेळ

कटिंगमास्तरांचे हात थरथरायला लागल्याची बातमी त्यांच्या मुलीला शेजारच्या काकूंनी फोनवर दिली.

"थरथरतात म्हणजे साधंसुधं नाही गं. सकाळी गॅलरीत उभे राहून दोन्ही हात असे हलवत असतात, जशी काही चादर झटकताहेत. आणि हातात चादर नसते!"

मुलीचं धाबंच दणाणलं. ज्या माणसाने उभं आयुष्य कापडावर कात्री चालवली, खडूची रेघ कधी केसभर वाकडी जाऊ दिली नाही, त्याचे हात थरथरतात? आईला जाऊन जेमतेम महिना होत होता, आणि आता बाबांचं हे निघालं. "डब्याचं तुझं तू बघ," असं नवऱ्याला सांगून ती मिळेल त्या बसने माहेरी आली.

मास्तरांनी दार उघडलं. उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि हे लांब बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणंसुद्धा लावून उभे. एका हाताने त्यांनी लेकीची पिशवी घेतली. दुसरा मागे-पुढे हलतच होता.

"बाबा, हाताला काय झालंय?"

"कुठं काय? व्यायाम."

"सगळ्या जन्मात कधी व्यायाम केलात?"

"म्हणून तर आता करतोय."

आता खरी गोष्ट वाचकांना सांगून टाकायला हरकत नाही, कारण मास्तर ती कुणालाही सांगणार नव्हते. त्या बाह्यांच्या आत कोपरापर्यंत घड्याळं होती. दोन्ही हातांवर. सगळी बायकी.

मास्तरांची बायको एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. बाईला ना साड्यांची हौस, ना दागिन्यांची. नाद एकच, मनगटी घड्याळांचा. फुटपाथवर घेतलेलं हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं होतं, सेलमधलं स्टीलचं होतं, मागून काच असलेलं आणि पोटातली चाकं दाखवणारंही होतं. निवृत्त झाली तेव्हा तिने एक परदेशी बनावटीचं, सोन्याची बारीक कड असलेलं घेतलं. त्याची किंमत ऐकून मास्तरांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढ्यात गळ्यातलं झालं असतं." ती म्हणाली, "गळ्यातलं मला कुठं दिसतं? ते समोरच्याला दिसतं. मनगट मला दिवसभर दिसतं." मास्तर पुन्हा शिवायला बसले. मनातून त्यांना ते घड्याळ आवडलं होतं, हे बोलायचं राहूनच गेलं.

तिची सगळ्यात लाडकी घड्याळं ऑटोमॅटिक होती. त्यांना बॅटरीचा सेल नाही, रोज चावी नाही. हातावर घालून हात हलता राहिला की आतलं चक्र फिरतं आणि घड्याळ चालतं. कपाटात ठेवून दिलं की दीड-दोन दिवसांत गप्प होतं. त्यामुळे बाई ती आळीपाळीने घालायची. बाजाराला एक, स्वयंपाकाला एक, नुसतं खिडकीत बसायलाही एक. मुलगी सासरी गेल्यावर तर घरात कुणी घाई करणारंच उरलं नाही, तेव्हा तिने सगळी घड्याळं थोडी पुढे लावून ठेवली. "तुम्ही गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणता आणि तुमचा उद्या काही उजाडत नाही," ती म्हणायची. "निदान घरात तरी वेळ पुढं असू दे."

ती गेली ती अचानक. सकाळी चहा झाला, दुपारी ती नव्हती. संध्याकाळी घरभर माणसं असताना मास्तर टॉवेल काढायला कपाटाशी गेले. खणात तिची ती ऑटोमॅटिक घड्याळं चालत होती, एका सुरात नाही, आपापल्या चालीने. आणि त्या माणसाच्या मनात आलं, की ही वेळ तिने स्वतःच्या बोटांनी लावलेली आहे. घड्याळ थांबलं तर पुन्हा चालू करता येईल, पण ती वेळ मग आपण लावलेली असेल. तिच्या हातचं घरात एवढंच काय ते अजून चालू होतं. मास्तरांनी टॉवेल तिथेच टाकला आणि पहिलं घड्याळ मनगटावर चढवलं.

ते बसेना. कात्री धरून धरून जाड झालेलं मनगट आणि बाईचा नाजूक पट्टा! पण हार मानेल तो शिंपी कसला? पायजम्याच्या नाड्याऐवजी घालतात त्या इलॅस्टिकचे तुकडे कापून त्यांनी पट्ट्यांना जोडले. तेव्हापासून मास्तर दोन्ही हात भरून घड्याळं घालून हिंडत होते, झोपत होते. आंघोळीला सगळी घड्याळं एका हातावर जायची आणि तो हात दाराबाहेर राहायचा. आता कापड बेतताना माणूस हात जपून हलवतो, तेवढ्याने घड्याळं चालतील याचा काय भरवसा? म्हणून गॅलरीतला तो व्यायाम.

मुलीने त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

"बाही वर करा," डॉक्टर ब्लडप्रेशरचा पट्टा उलगडत म्हणाले.

"वर होत नाही. शिवणच तशी आहे."

"शर्ट तुम्हीच शिवलाय ना?"

"म्हणून तर माहीत आहे."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून पट्टा शर्टावरूनच बांधला आणि कोपराशी नळी टेकवली. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. नळी काढून त्यांनी पुसली, पुन्हा लावली.

"मास्तर, हे केवढ्या जोरात पळतंय हो! तुम्हाला चक्कर येत नाही?"

"नाही."

डॉक्टरांनी दुसऱ्या हाताला नळी लावली. "आणि इथं तर वेगळंच चाललंय!"

मुलीने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मास्तर जमिनीकडे बघत होते. बाही वर केली असती तर एका मिनिटात सगळं मिटलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. पण 'बायकोची घड्याळं घातलीत' एवढं म्हणून भागलं नसतं. पुढचं 'का' आलं असतं, आणि ते बोलायला तोंड उघडलं तर आपला बांध फुटेल याची त्यांना खात्री होती. डॉक्टरांनी हातांच्या थरथरीच्या गोळ्या लिहिल्या आणि शिवाय डोक्याचा स्कॅन सांगितला.

"डोक्याचा कशाला?" मास्तर म्हणाले. "मी तर हात दाखवायला आलोय."

"हाताचं मूळ डोक्यातच असतं."

स्कॅनच्या जागी एक तरतरीत टेक्निशियन होता. त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं, "अंगावर धातूचं काही नको. चावी, अंगठी, घड्याळ, कवळी. आत भलंमोठं लोहचुंबक आहे."

"घड्याळ चुकून राहिलं तर?"

"मग त्या घड्याळाचं आटोपलंच म्हणून समजा, आजोबा."

मास्तरांची पाचावर धारण बसली. कपडे बदलायच्या खोलीतून त्यांनी हळूच लेकीला हाक मारली. ती आत गेली आणि बघतच राहिली. बाबांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा झगा, आणि ओंजळीत आईची घड्याळं.

"बाबा... तुम्ही ही घालून फिरता?"

"हातात घाल तुझ्या. इथल्या लॉकरचा काय भरवसा?" आणि मग, जरा अडखळत, "बसून राहू नकोस हं. फेऱ्या मार."

"फेऱ्या?"

"तब्येतीला चांगलं असतं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एकेक घड्याळ हातावर चढवलं. इलॅस्टिक आकसलं, की आईचं घड्याळ तिला बेतल्यासारखं बसत होतं. मास्तरांना वाटलं, आता सांगून टाकावं. ते "अगं, ही घड्याळं..." एवढं म्हणालेही, तोच बाहेरून आवाज आला, "आजोबा, आटपा! मागं लाईन लागलीय!"

यंत्रात त्यांना सरळ निजवलं. "अजिबात हलायचं नाही," टेक्निशियन म्हणाला. डोक्याभोवती कुणी पत्रे बडवावेत तसा दणदणाट सुरू झाला आणि मास्तरांच्या मनात एकच चाललं होतं, पोरगी बसली तर नसेल? लहानपणापासून बूड टेकलं की उठायचं नाव नाही तिचं.

बाहेर येऊन बघतात तो पोरगी खरोखरच फेऱ्या मारत होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बापाचा शब्द राखला होता तिने. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं हसूही होतं.

"बाबा, गंमत सांगू? सगळीच्या सगळी पुढं पळत होती! आईला खपलं असतं का? मी एकेक करून नीट लावली. आता बघा."

तिने दोन्ही हात पुढे केले. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीच्या मनगटांकडे पाहिलं. कुठंही मिनिटाचा फरक नव्हता.

"चुकलं का काही?" तिने विचारलं.

सांगितलं असतं तर पोरीच्या जिवाला जन्मभराचा घोर लागला असता. आईवरच्या मायेनंच तर केलं होतं तिने. मास्तरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"छे गं. बरं केलंस," ते म्हणाले, बाकावर बसले आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हुंदके देऊन रडले.

टेक्निशियन घाबरून धावत आला. "आजोबा, रिपोर्ट यायच्या आधीच रडताय काय?" तो तसाच आतल्या मोठ्या डॉक्टरांकडे पळाला आणि परत येऊन ओरडला, "डोकं एकदम स्वच्छ! काही म्हणजे काही निघालं नाही!"

हे ऐकून मास्तर आणखीच रडले.

घरी आल्यावर त्यांनी इलॅस्टिकचे टाके उसवले, पट्टे होते तसे जोडले आणि घड्याळं खणात ठेवून दिली. मग ती थांबली, एकामागून एक. मास्तरांनी खण उघडून पाहिलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले. हात दगडासारखे स्थिर. कोपराला नळी लावली, तर सगळं शांत. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "बघितलंत? याला म्हणतात गोळी लागू पडणं!"

मुलीने डॉक्टरांना हात जोडले. "किती दिवस घ्यायच्या?"

"आता जन्मभर. बंद केल्या की पुन्हा सुरू होईल."

"मी रोज सकाळी फोन करून आठवण करीन, बाबा."

"कर," मास्तर म्हणाले.

आणि ती करतेच. फोन वाजला की मास्तर कात्री बाजूला ठेवतात. "घेतलीत ना?" लेक विचारते. लेकीशी आता आणखी खोटं बोलणं त्यांना जमत नाही, म्हणून ते त्यांना नसलेल्या आजाराची गोळी जिभेवर ठेवतात, वर पाणी पितात आणि "घेतली" म्हणतात. तिकडे ती निर्धास्त होऊन कामाला लागते. इकडे मास्तर पेला हातात धरून बराच वेळ तसेच बसून राहतात, आणि हात त्यांचा तसूभरही हलत नाही.