अर्ज विचाराधीन आहे

बंदूक माणसाला शांत करते, हे सत्य समाजाने अद्याप नीट समजून घेतलेले नाही. अट एकच, ती हातात येता कामा नये.

रामदासपेठेतल्या आमच्या बावीस फ्लॅटच्या सोसायटीत हा शोध मधुसूदनरावांमुळे लागला. मी सेक्रेटरी असल्याने नोंदी माझ्याकडे आहेत. गेल्या वर्षी मधुसूदनरावांची एकेचाळीस भांडणं झाली. पार्किंगची सतरा, पाण्याच्या टाकीची नऊ, पोह्यांवर तर्री कमी टाकली म्हणून पाच आणि उरलेली दहा पत्नीशी, म्हणजे यमुताईंशी (ही फक्त खिडकी उघडी असतानाची).

निवृत्तीनंतर त्यांना नेमबाजीचा छंद लागला. क्लबच्या रायफलने मन भरेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या बंदुकीसाठी परवान्याचा अर्ज केला. छंदासाठी बंदूक मागणाऱ्याकडून शासन फार काही मागत नाही. क्लबचं सदस्यत्व, हाताळणीचं प्रशिक्षण, कुलपाचं कपाट, डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला (याला वेळ लागला) आणि पोलीस चौकशी. चौकशीला हवालदार प्रेमानंद आले. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या नत्थूजींना विचारलं, "साहेबाले राग येते का?"

नत्थूजींच्या स्कूटरची हवा मधुसूदनरावांनी चारदा सोडली होती. मधुसूदनराव जिन्यात घामाघूम उभे होते.

"सध्या पाहून राहिलो," नत्थूजी म्हणाले. "पक्कं सांगाले टाइम लागन."

हवालदारांनी तसंच लिहून घेतलं आणि पुन्हा येतो म्हणाले.

त्या दिवसापासून मधुसूदनराव बदलले. त्यांच्या जागेवर कुणी गाडी लावली, तर "राहू दे गा, मी गल्लीत लावतो" म्हणू लागले. नत्थूजींच्या चाकात स्वतः पंपाने हवा भरू लागले. एकदा भाजीत मीठ नव्हतं, तर "मीठ कुठं आहे वं?" एवढंच विचारून ते स्वतः उठले. यमुताई घाबरून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. सहा महिन्यांत भांडणं शून्य (एक आवाज संशयास्पद वाटला होता, तो चौकशीअंती जांभई निघाली).

सर्वसाधारण सभेने यापासून धडा घेतला. महिन्याला तीनहून अधिक भांडणं करणाऱ्या प्रत्येकाने बंदुकीचा अर्ज करावा, असा ठराव झाला. चौदा अर्ज गेले (एक माझा आहे, कारण विचारू नये). त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पिंकीच्या सासूबाईही आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, छंद नेमबाजी. हल्ली लिफ्टपाशी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" इतकं चालतं, की लिफ्ट रिकामीच वर जाते.

आणि मग संकट आलं. हवालदार पुन्हा आले, तेव्हा नत्थूजींनी चांगुलपणाच्या भरात "माणूस देव आहे" असं लिहून दिलं आणि मधुसूदनरावांचा परवाना मंजूर झाला. पत्र यमुताईंच्या हाती पडलं. त्या ते घेऊन माझ्याकडे आल्या आणि रडायलाच लागल्या.

"तीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मले चहा घेतला का म्हणून विचारून राहिला जी," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा तसाच होईन."

मलाही वाईट वाटलं. समितीने (म्हणजे मी) तोंडी ठराव केला आणि पत्र तांदळाच्या डब्यात तळाशी गेलं. मधुसूदनराव रोज विचारत, "पत्र आलं का?" यमुताई म्हणत, "नाही जी. येईन."

महिनाभराने लिफ्टमध्ये मधुसूदनराव माझ्या कानाशी आले.

"पत्र सापडलं मले. भात आता मीच लावतो ना. पुन्हा तांदळात ठेवून दिलं."

"काहून?"

"नत्थू मले भाऊ म्हणते गा. बंदूक घेऊन काय करू? फक्त यमूले सांगू नका."

मी दोघांनाही काही सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, त्या रोज नाही म्हणतात आणि दोघांचं उत्तम चाललं आहे.

हा अहवाल आम्ही इतर सोसायट्यांना माहितीसाठी पाठवत आहोत. वाचताना आपण दोनदा "अगदी आमच्या शेजाऱ्यासारखा" म्हणून हसलात, त्याची नोंद घेतली आहे. काल आपल्या घरचे आमच्याकडे येऊन गेले. आपले पासपोर्ट साइजचे दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स त्यांनी दिली आहे. शेजारी साक्षीदार म्हणून तयार आहेत. अर्जावर फक्त आपली सही राहिली आहे.