वरच्या मजल्यावरचं नेट रोज सव्वादहाला मरतं

भिलाईत लोखंड वितळतं ते भट्टीत आणि गुन्हेगार वितळतो तो माझ्या नजरेनं. मी श्यामराव, जुनवानीतला एकमेव खाजगी गुप्तहेर. त्याआधी पस्तीस वर्षं प्लांटच्या सेफ्टी खात्यात होतो. माझ्यादेखत रिकाम्या खोलीत पंखा फिरला नाही की दिवसा दिवा जळला नाही. अशी शिस्त आता उरली नाही, असं मी रोज दोनदा म्हणतो. माझी बायको ललिता म्हणते, पाचदा.

प्रकरण असं. केबलवाल्या कमलेशनं हॉलमध्ये नवा राउटर बसवला. त्याचं वायफाय वर पोचेना, म्हणून तार ओढून जिन्याच्या वरच्या टोकाला एक पांढरा डबा लावला. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. राउटरनं नेट आणायचं, डब्यानं ते वर वाटायचं. पण रोज सव्वादहाला वरचं नेट मरायचं आणि दुपारी आपोआप उठून बसायचं. खाली मात्र ठणठणीत!

पहिला संशयित शेजारचा केवलराम. तो आमचं नेट चोरतो, हे मी त्याच्या हसण्यावरून ताडलं. छापा घातला, तर त्याच्याकडे बटणांचा फोन निघाला. त्यानं चहा पाजला, त्यामुळे संशय वाढला.

मग माकडं. पण तार शाबूत होती, माझी एक चप्पल तेवढी गेली.

तेवढ्यात मोठा पुरावा हाती लागला. राउटर आणि डबा, दोघांचं नाव एकच, पासवर्डही एकच! मी कमलेशला फोनवर धरलं.

"काका, नाव एकच ठेवा लागते. तुमी वर गेले का फोन वरचं पकडते, खाली आले का खालचं."

"म्हणजे संगनमत कबूल?"

त्यानं फोन ठेवला. दोषी माणूस असाच ठेवतो.

शुक्रवारी दहाला आमच्या प्रांजलीची वरच्या खोलीतून ऑनलाइन मुलाखत होती. सहा महिन्यांतलं पहिलंच बोलावणं. तिनं हात जोडले, "बाबा, प्लीज, एक दिन तपास मत करो. हे नोकरी गेली तं मी काय करू?"

शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे आंघोळ केली, गच्चीवरच्या तुळशीला पाणी घातलं, जिन्यात चौफेर नजर टाकत खाली उतरलो. सव्वादहाला वरून किंकाळी आली, "मम्मी, गेलं!"

मी भिंग शोधेपर्यंत ललिता पोळी तव्यावर सोडून वर पळाली. खट् असा आवाज झाला. दोन मिनिटांत प्रांजलीचं "सॉरी सर" ऐकू आलं, आणि मुलाखत पुढे सुरू झाली.

"काय केलं तू?" मी विचारलं.

"डब्याचं बटन चालू केलं. रोज कपडे वाळू घालाले जाते तवा मीच करते."

"आन् बंद कोण करते?"

"तुमी! तुळशीपासून उतरता, बोर्डावर लाल लाईट दिसला का दाबता बटन. मले वाटलं, तपासाचा भाग असन."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी विचारलं काय? केवलरामभाऊले विचारलं, कमलेशले विचारलं, माकडाईलेही सोडलं नाही."

मी अहवालात लिहिलं: गुन्हेगार घरातलाच, अत्यंत शिस्तीचा, नाव गुप्त. ललितानं माझ्या निवृत्तीच्या पेटीतून प्लांटची जुनी पाटी काढून बटणावर टांगली. 'काम चालू है, स्विच को हाथ न लगाएँ.' खाली माझीच सही.

प्रांजलीला नोकरी लागली. घरूनच करायची आहे, त्यामुळे आता रोज सव्वादहाला मी दोन्ही हात पाठीमागे बांधून जिना उतरतो.