पंपाच्या फाईलीचं अपहरण

"काका, तुमी आजवर एक तरी चोर पकडलाय का वो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून प्रांजलनं हे तोंडावर विचारलं. नानासोकाका दुखावले नाहीत. थोर गुप्तहेराला भावना नसतात, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"आगं, आमचं नुसतं नाव ऐकून सांगलीतले चोर शिरवळच्या पल्याड पळाल्यात. पकडायला ऱ्हायलंय कोण?"

आज मात्र पकडणं भाग होतं. कुपवाडच्या एका कारखान्यातल्या सर्व्हरवरून पंपाच्या ड्रॉइंगची फाईल गायब झाली होती. ती शेवटची उघडली होती प्रांजलच्या पप्पांनी. मालक आप्पासोंनी सगळ्या कामगारांसमोर त्यांच्यावर आळ घेतला आणि त्यांना घरी बसवलं. भावासाठी काका तपासाला धावले. फुकटचा तपास म्हटल्यावर आप्पासोही नाही म्हणाले नाहीत. शाळा सुटल्यावर प्रांजल मदतनीस म्हणून सोबत होती.

काकांनी भिंगातून सर्व्हर न्याहाळला. "चोर खिडकीतनं आला."

खिडकीला गज होते.

"म्हंजे चोर लय बारीक हाय."

मग कीबोर्डवर शेंगेचं टरफल सापडलं. "उंदीर. फाईल कुरतडली."

टरफल काकांच्याच खिशातलं निघालं. शेवटी त्यांचा संशय शिरवळच्या एका कारखान्यावर स्थिरावला. तिथं काकांना एकदा नोकरी नाकारली होती, एवढा पुरावा त्यांना पुरला.

ऑफिसातल्या मंगलताई बोलायला तीनदा उठल्या. तिन्ही वेळा काकांनी त्यांच्याकडं चहा मागितला.

"ताई, तुमाला काय म्हणायचं होतं?" प्रांजलनं विचारलं.

"प्रत्येक फाईलला एक पक्का नंबर असतोय. नाव बदला, जागा बदला, नंबर तोच. आपल्या डेटाबेसात सगळे नंबर हायत. कुठली फाईल कुणी कुठं हलवली, त्याची नोंदबी."

मंगलताईंनी नंबर टाकला. उत्तर लगेच आलं. फोल्डर 'बिरदेव प्रसन्न', फाईलचं नवं नाव 'श्री', हलवली खंडेनवमीला, आप्पासोंच्या कॉम्प्युटरवरून.

आप्पासोंनी डोकं खाजवलं. "आवं, खंडेनवमीला हत्यारं देवाम्होरं मांडतो, तशी फाईल बिरदेवाच्या फोल्डरात मांडली. आपला कारखाना पंपावरच चालतोय. दुसऱ्या दिवशी उचलायची ऱ्हायली."

"माझा पयला संशय देवावरच होता," काका म्हणाले.

आप्पासोंनी पप्पांना फोन केला. "घावली फाईल. उद्या या कामावर." एवढंच.

घरी पप्पा खुशीत होते. "झालं गेलं. सोडून द्यायचं."

"आई, पप्पा, मी ठरवलंय," प्रांजल म्हणाली. "उद्या मी पप्पांबरोबर कारखान्यात जाणार. मालकांनी ज्यांच्यासमोर आळ घेतला, त्यांच्याचसमोर तो मागं घ्या म्हणणार."

"आन् न्हाई घेतला तर?" आईनं विचारलं.

"तर परवाबी जाणार."