इखारांचं गॅरेज बघायला आलेले एसी

नागपुरात एसी नुसता विकत आणता येत नाही. तो आधी खोली बघायला येतो आणि पसंत पडली तरच भिंतीवर बसतो.

त्यामुळे वत्सला इखार यांनी गॅरेजसाठी एसी हवा असल्याचं कळवलं, तेव्हा दुकानाचे मध्यस्थ डाखोळेजी यांनी एवढंच विचारलं, "कार्यक्रम कधी ठेवायचा? आणि पोहे साधे करून राहिल्या की तर्रीचे?"

गॅरेज आता नावालाच गॅरेज होतं. वत्सलाबाईंच्या यजमानांची, भास्कररावांची, मोटार अंगणातल्या कडुलिंबाखाली गेली होती आणि तिच्या जागी वत्सलाबाईंचा चॉकलेटचा वर्ग भरत होता. गेल्या मे महिन्यात साच्यातलं चॉकलेट काही केल्या घट्ट होईना. बायकांनी ते चमच्याने खाल्लं, हसल्या, घरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. हिवाळ्यात कशाबशा पाचसहा जणी नव्याने जमल्या. यंदाही तसंच झालं तर वर्ग बंद करायचा आणि साचे भंगारवाल्याला द्यायचे, असं वत्सलाबाईंनी ठरवून टाकलं होतं. ठरवलं होतं खरं, पण साचे पुसताना त्यांचे डोळे भरून यायचे.

कार्यक्रमाची सूत्रं थोरल्या नणंदबाईंनी, सुमतीताईंनी, हाती घेतली. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, या म्हणीत एसीचा उल्लेख नसावा याचंच त्यांना नवल वाटायचं.

"हे पाय वत्सला, पत्र्याचं नाव काढायचं नाही," त्या म्हणाल्या. "छपराखाली जुन्या साड्या ताणून बांध. पश्चिमेच्या शटरवर पडदा टाक. अन् बोलवायचं उजाडता उजाडता. ऊन चढल्यावर कोणी गॅरेज दाखवते काय?"

"पण ताई, मग त्यांना गरमी कळणार कशी?"

"कळून काय करायचं आहे? एकदा बसला की बसला. मग निभावते जो तो. मी नाही निभावलं?"

आतल्या खोलीत सुमतीताईंचे यजमान खोकले.

पहिल्यांदा दोन टन आला. रुंद बांधा, भरदार आवाज, सोबत मामा. प्रत्येक एसीबरोबर त्याचे मामा येतातच. ते घरात पाऊल टाकत नाहीत. बाहेर उभे राहून घरघर करतात आणि आतली सगळी गरमी आपल्या अंगावर घेतात. तरी भाच्याचं कौतुक तसूभरही कमी होत नाही.

दोन टनाने गॅरेजला एक फेरी मारली. "जागा लहान आहे," तो म्हणाला. "क्षणात गार होईल, की मी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. अशी उठबस मला सोसत नाही. हवेतला दमटपणा तसाच राहील आणि नाव माझं खराब होईल." मग त्याने पोह्यांची मनापासून तारीफ केली आणि मामांना घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक टन आला. सडपातळ, नम्र, पहिल्यांदाच कुठे बघायला निघालेला.

"छप्पर कशाचं आहे?" त्याने विचारलं.

"वरती साड्या आहेत," सुमतीताई म्हणाल्या. हे खरंच होतं.

"ऊन येतं का?"

"आता कुठं दिसते तुम्हाले?" हेही खरंच होतं.

"मला पसंत आहे," एक टन म्हणाला आणि लाजून त्याचा हिरवा दिवा लागला. बाहेर मामांनी आनंदाने जोरात घरघर केली. डाखोळेजींनी खिशातून सुपारी काढली.

वत्सलाबाई बघत होत्या. आपण कुठे बसायचं, ते एक टन भिंतीवर निरखून ठरवत होता. मे महिन्याच्या दुपारी या पत्र्याखाली याची धाप काही थांबायची नाही, त्यांच्या मनात आलं. चॉकलेट जाईल ते जाईलच, पण हाही बिचारा जाईल.

"थांबा डाखोळेजी," त्या म्हणाल्या आणि दोरीची गाठ ओढली. साड्या धप्पकन खाली आल्या. मग त्यांनी पडदाही ओढला. "पत्रा आहे हा. दुपारी हात लावला तं फोड येते. शटरखालून झळा येतात. शेगडी चालू असते अन् आम्ही सगळ्या एकदम बोलतो. तुला नाही झेपायचं रे बाळा."

सुमतीताईंनी कपाळावर हात मारून घेतला. एक टन भिंतीपासून हळूच मागे सरला. त्याच्या नळीतून दोन थेंब गळले.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी नाही म्हटलं नसतं," तो म्हणाला. "माझ्या थोरल्या चुलतभावाला पाठवतो. दीड टन आहे. पण तो सकाळचा येत नाही."

दीड टन ऐन दुपारी आला. शेगडी पेटलेली होती, पत्रा तापलेला होता आणि सगळ्या जणी एकदम बोलत होत्या. पोह्यांना त्याने "आधी काम" म्हटलं आणि तो पत्र्याखाली नुसता उभा राहिला. बाहेर त्याचे मामा सावली शोधत घराभोवती फिरले.

"पत्र्यावर चुना लावा," अखेर तो म्हणाला. "शटरखालची फट रबराने बुजवा. बोलणं कमी करायची गरज नाही. ते मी हिशेबात धरलं आहे."

"म्हणजे पसंत?" सुमतीताईंनी घाईने विचारलं.

"माझं काय, मी दमलो तरी भिंतीवरच राहणार. वर्ग यांचा आहे. पसंती यांनी सांगावी."

आजवर वत्सलाबाईंना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी होकाराची मान हलवली, आणि पुन्हा हलवली. मामांना कडुलिंबाखालची जागा आवडल्याचं दिसताच भास्कररावांनी कोणी सांगायच्या आत मोटार उन्हात काढली.

मे महिन्यात वर्ग भरला. वत्सलाबाईंनी साचा उलटा केला आणि चॉकलेटं टकटक करत ताटात पडली. सुमतीताईंनी दोन खाल्ली आणि हे स्थळ आपल्याला पहिल्यापासूनच पसंत होतं, असं सांगितलं. वर्गातली लीना घाटोळे मात्र हात चोळत उठली आणि आलेच म्हणून घरी गेली.

बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. थोड्या वेळाने लीना तोंडाला ओढणी बांधून परत येताना दिसली. तिच्या हातावर लोकरी स्वेटर होता. पानठेल्यावरच्या मंडळींनी स्वेटरकडे पाहिलं.

"इखारांकडे जमलं वाटते," पानवाला म्हणाला, आणि पुढचं पान लावायला घेतलं.