नायक विहिरीत असल्याबाबत

सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी मिठूच्या नावापुढे लाल शाईचा लेटमार्क पडला, तेव्हा मिठू अजून पांघरुणात होती. तिचे वडील मात्र अंघोळ, भांग, इस्त्रीचा शर्ट असं सगळं उरकून जेवणाच्या टेबलाशी हजेरीपुस्तक उघडून बसले होते.

"अगं, आठ वाजून गेले! तुझं ऑफिस सुरू झालं!"

"बाबा, मला ऑफिस नाहीये. माझं गॅप इयर आहे," पांघरूण बोललं.

"म्हणूनच," वडील म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वडील पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते. लहानपणी पोपटासारखी बोलायची म्हणून जिचं नाव मिठू पडलं, त्या लेकीनं कॉलेज संपल्यावर 'एक वर्ष थांबून कथा लिहिणार' असं जाहीर केलं, तेव्हा त्यांनी आकांडतांडव केलं नाही. गॅप इयर हा प्रकार नियमात कुठे बसतो हे शोधण्यात त्यांनी दोन दिवस घालवले आणि शेवटी त्याला 'असाधारण रजा' या सदरात बसवलं. रजा म्हटली की अटी आल्याच. रोज आठ ते एक लिहायला बसायचं, हजेरीवर सही करायची, आणि ज्या दिवशी बसायचं नसेल त्या दिवशी कारणासह अर्ज द्यायचा. नियमांचा कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवला होता. त्यातला नववा नियम तर कर्मचाऱ्याच्या बाजूचा होता : मंजूर रजेवर असलेल्या व्यक्तीस कामासाठी त्रास देऊ नये.

तीन महिने झाले. कथा एकही झाली नव्हती, अर्ज मात्र चौसष्ट झाले होते. 'मूड नसल्याने रजा मिळावी' या पहिल्या अर्जावर हेडक्लार्कांनी शेरा मारला होता : 'मूड ही बाब नियमावलीत नाही. नामंजूर.' मग मिठू कारणं शोधू लागली. एकदा खिडकीतल्या मांजरानं तिच्याकडे तुच्छतेनं पाहिलं होतं. एकदा 'आणि' हा शब्द फार वेळा आल्यामुळे तिला चक्कर आली होती. एकदा तिची नायिका रुसून शेजारच्या कथेत निघून गेली होती. हेडक्लार्क प्रत्येक अर्ज चष्मा लावून वाचत आणि खाली लाल शाईत 'नामंजूर' लिहीत.

"मी गिऱ्हाइकाला सांगते का, प्रेरणा आली की बाही लावते म्हणून?" शिवणाच्या मशीनवरून आई विचारी. उत्तराची वाट न बघता ती पुढची बाही लावायला घेई.

हे सगळे अर्ज एका हिरव्या कव्हरात लाल फितीनं बांधलेले असत. आणि इथेच हेडक्लार्कांच्या आयुष्यातलं एकमेव पाप दडलेलं होतं. ते कव्हर कार्यालयाचं होतं. एक दिवस बाजारात कव्हर मिळेना, आणि अर्ज तर सुटे ठेवणं त्यांच्या जिवाला पटेना, म्हणून त्यांनी ते बॅगेत घालून घरी आणलं होतं. आता हाच माणूस असा, की त्यानं एका कारकुनाला कार्यालयाची टाचणी शर्टाला लावून घरी गेल्याबद्दल मेमो दिला होता. त्या कारकुनाला तेव्हापासून सगळे टाचणीवाले म्हणत. एकतीस वर्षांत हेडक्लार्कांना स्वतःला एकही मेमो मिळाला नव्हता, आणि ते हे दर पंधरा दिवसांनी कोणाला तरी सांगत.

त्या सोमवारी मिठूनं पासष्टावा अर्ज टेबलावर ठेवला.

'प्रति, माननीय बाबा. विषय : एक दिवसाची रजा मिळणेबाबत. महोदय, आमचे नायक काल दुपारी विहिरीत पडले असून अद्याप वर आलेले नाहीत. विहिरीला पायऱ्या नाहीत. ते आतून ओरडत आहेत, परंतु त्यांना बाहेर कसे काढावे हे कोणालाच समजत नाही. तरी कृपया रजा मंजूर व्हावी.'

त्या दिवशी हेडक्लार्कांना उशीर होत होता. त्यांनी अर्ज न वाचताच कव्हरात सरकवला, टेबलावरची फाइल बॅगेत टाकली आणि ते निघाले. टेबलावर त्या दिवशी दोन हिरव्या फायली होत्या. दुसरी पाइपगळतीच्या तक्रारींची होती. ती घरीच राहिली, आणि मशीन डुगडुगतं म्हणून आईनं तासाभरात तिची घडी मशीनच्या पायाखाली सारली.

दुपारी टाचणीवाले हसू दाबत हेडक्लार्कांच्या टेबलाशी आले. "सकाळी साहेबांकडे पाठवलेली फाइल परत आलीय. म्हणाले, तातडीचं आहे."

हेडक्लार्कांनी फीत सोडली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मिठूच्या अर्जाखाली साहेबांच्या हिरव्या शाईत शेरा होता : 'नायक कोणत्या विभागातील? सद्यःस्थिती काय? विहीर कोणाच्या हद्दीत? उद्या अकरापर्यंत अहवाल द्यावा.'

खरं तर केबिनमध्ये जाऊन 'साहेब, चुकून घरचे कागद आले' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं, घरचे कागद कार्यालयाच्या कव्हरात कसे? दाराशी टाचणीवाले उभे असते. फाइल निकाली निघाल्याशिवाय ते कव्हर हातात येणार नव्हतं, आणि नायक वर आल्याशिवाय फाइल निकाली निघणार नव्हती.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "कसा आहे तो?"

"कोण?" मिठूनं विचारलं.

"नायक! विहिरीतला!"

मिठूनं आधी आईकडे पाहिलं. वडिलांनी आपल्या कथेची चौकशी करण्याची ही पहिलीच वेळ होती. सगळी हकिगत ऐकल्यावर ती खुर्चीतच लोळून हसली. मग तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, जी पाहिली की आई बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवत असे.

"काढते बाहेर. पण सगळे लेटमार्क खोडायचे."

"हजेरीपुस्तकात खोडाखोड चालत नाही."

"मग तो आतच बरा आहे. गारवा आहे तिथं."

"मिठू, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे गं!"

"अहो, खोडा की!" आई मशीन न थांबवता म्हणाली. "त्या माणसाला बिचाऱ्याला सर्दी होईल."

हेडक्लार्कांनी एकतीस वर्षांत प्रथमच खोडरबर हातात घेतलं. लाल शाई रबरानं जात नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. शेवटी प्रत्येक लेटमार्कापुढे 'रद्द समजावा' असं लिहून तह झाला.

दुसऱ्या दिवशी मिठू पावणेआठलाच टेबलाशी हजर झाली. साडेनवाला वडील निघायचे, त्याआधी मजकूर तयार हवा होता. ती लिहीत गेली आणि हेडक्लार्क शेजारी बसून तिच्या कथेचं अहवालात रूपांतर करत गेले. खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'असे समजते' लिहीत. 'नायक हे विहिरीतील कपारीवर बसून असून त्यांची प्रकृती ठीक आहे, असे समजते. वरून दोर सोडला असता तो तोकडा पडला, असे समजते.'

दुपारी शेरा आला : 'तोकडा दोर कोणी पुरवला?'

म्हणजे आता दोर पुरवणारा ठेकेदार निर्माण करणं आलं. मिठूनं असा लबाड ठेकेदार रंगवला, की हेडक्लार्कांनी रागानं टेबलावर मूठ आपटली. "याला काळ्या यादीत टाक!" दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर एक बाई आली आणि नायकाशी गप्पा मारत बसली. तिच्या हातात लांब दोर होता, पण ती तो सोडेना. त्यावर साहेबांचा शेरा आला : 'सदर बाई व नायक यांचे पूर्वीचे नाते स्पष्ट करावे.'

"काय नातं आहे?" हेडक्लार्कांनी घरात शिरताच विचारलं.

"उद्या सांगेन. आठ ते एक माझी वेळ आहे, बाबा. आता ऑफिस बंद."

हेडक्लार्कांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. ती बाई दोर का सोडत नव्हती, याचा विचार ते अंथरुणावर पडेपर्यंत करत होते. नात्याचा अहवाल गेला, तसा पुढचा शेरा आला, आणि असे बारा दिवस गेले. मिठूच्या नावापुढे बारा सह्या झाल्या, सगळ्या आठच्या आतल्या. तिची वही भरत आली. अर्ज एकही आला नाही.

तेराव्या दिवशीचा मात्र आला, तोही आदल्या संध्याकाळीच. 'सलग बारा दिवस वेळेवर आल्यामुळे थकवा. मैत्रिणीबरोबर टेकडीवर जाण्यासाठी रजा मिळावी.' हेडक्लार्क हळवे झाले. कर्मचारी शिस्तीचा निघाला तर वरिष्ठानंही मन मोठं ठेवावं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आयुष्यात प्रथमच तिच्या अर्जावर 'मंजूर' लिहिलं.

आणि दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांचा शेरा आला : 'आता पुरे. आज चारपर्यंत नायक बाहेर यावेत. अंतिम अहवाल सादर करावा.'

हेडक्लार्कांनी मिठूला फोन लावला. आईनं उचलला. "फोन घरीच ठेवून गेलीय."

"मग कोणाला तरी टेकडीवर पाठव! विचार तिला, नायक वर कसा येतो!"

"नववा नियम," आई म्हणाली. "फ्रिजवर तुम्हीच चिकटवलाय." मागे मशीन घरघरत होतं.

जेवणाच्या सुटीत हेडक्लार्क डबा बाजूला सारून कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. बाईनं दोर सोडावा, तर तिचा राग अचानक गेला कसा? नायकानं चढून यावं, तर बारा दिवस काय केलं? सुचत काहीच नव्हतं. एकदा त्यांना वाटलं, आजच्या दिवसाचा रजेचा अर्ज द्यावा. पण 'सुचत नाही' हे कारण आपणच तेवीस वेळा नामंजूर केलंय, हे त्यांना आठवलं. लेकीला रोज सकाळी आठला काय वाटत असेल, हे त्यांना त्या घटकेला अगदी पोटातून कळलं. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी डोळे मिटून एक वाक्य लिहिलं : 'सदर नायक हे विहिरीतून विहित मार्गाने बाहेर आले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात यावे, असे समजते.'

साडेचारला साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "बसा. हे मुलीनं लिहिलेलं नाही."

हेडक्लार्क उभेच राहिले. "साहेब... कोणत्या मुलीनं?"

"हेडक्लार्क, या कार्यालयात मला साहेब म्हणतात, तुम्हाला हेडक्लार्क म्हणतात. 'माननीय बाबा' कोणालाच म्हणत नाहीत."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"त्या फायलीत पासष्ट अर्ज होते. मी सगळे वाचले. मांजराच्या अर्जाला तर पोट धरून हसलो. आणि शेवटच्या अर्जात तो माणूस विहिरीत पडलेला, पुढचं पानच नाही! माणसानं करायचं काय? म्हणून शेरा मारला." साहेबांनी त्या अंतिम अहवालाकडे बोट दाखवलं. "आणि बारा दिवस वाट बघून हे? विहित मार्गानं? अहो, त्या बाईचं काय झालं?"

हेडक्लार्कांनी हिरव्या कव्हरावर बोट ठेवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "साहेब, हे कव्हर कार्यालयाचं आहे. मी घरी नेलं. मला मेमो द्या."

"देतो की," साहेब म्हणाले आणि त्यांनी हिरव्या शाईचं पेन उघडलं.

त्या संध्याकाळी मिठू टेकडीवरून उन्हानं लाल होऊन परतली, तेव्हा वडील टेबलाशी मान खाली घालून बसले होते. त्यांनी मेमो तिच्यापुढे सरकवला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "'आपण सादर केलेला शेवट रूक्ष, घाईत उरकलेला व आधीच्या भागांस न शोभणारा आहे. तरी मूळ लेखिकेच्या देखरेखीखाली सात दिवसांत तो पुन्हा लिहून आणावा. कव्हराऐवजी कव्हर भरून द्यावे.'"

"एकतीस वर्षांत पहिला मेमो," हेडक्लार्क म्हणाले. "आणि तोही शेवटासाठी."

मिठूला हसू येत होतं, पण तिनं आधी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिला शेवट सगळ्यांचाच असा होतो, बाबा. उद्या आठला बसू. आधी मला सांगा, ती बाई दोर का सोडत नाही?"

"तेच तर! मला वाटतं, तिला वाटतंय की हा वर आला की निघून जाईल."

मिठूनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क दाढी करताना आरशासमोर थबकले. बाई दोर सोडेल, पण आधी त्याच्याकडून एक कबुली घेईल. कोणती? तोंडाला साबण तसाच राहिला, पाणी वाहत राहिलं, आणि बाहेरून आवाज आला.

"बाबा, आठ वाजून सात मिनिटं!"

ते टॉवेल घेऊन धावत आले. हजेरीपुस्तकात नवी ओळ आखलेली होती, तिच्यात त्यांचं नाव होतं, आणि नावापुढे लाल शाई अजून ओली होती.

"अगं, पण मी विचारच करत होतो! त्या कबुलीचा!"

"कारणासह अर्ज द्या," मिठू म्हणाली आणि तिनं पेनाला टोपण लावलं.