काढगाडीचा पैरा

जांबोटीच्या रस्त्यावर आषाढात चिखल होतो, ही गोष्ट बेळगावच्या कॅम्पला १९४५ सालापर्यंत अधिकृतरीत्या माहीत नव्हती. गावाला ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. पण गावाला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायला गाव काही पुढारी नव्हतं. त्या आषाढात ब्रह्मदेशातल्या लढाईचा सराव म्हणून लष्कराची एक जीप या रस्त्याने आली आणि मष्णूच्या शेताच्या बांधाला खेटून बुडापर्यंत चिखलात बसली. सराव सुरू झाला.

जीप कुठेही जाते असा तिचा लौकिक होता. तिची चारही चाकं ओढतात, त्यामुळे इतर गाड्या जिथे रुततात तिथे ती रुतत नाही. आणखी थोडी पुढे जाऊन रुतते. तिला काढायला कॅम्पातून दुसरी जीप आली. हिच्या पाठीवर लोखंडी घोडी उभी केलेली, घोडीला कप्पी आणि साखळ्या. इंग्रजीत तिला लांबलचक भारदस्त नाव होतं. गावाने पाहताक्षणी तिला ‘काढगाडी’ म्हटलं. काढगाडी पहिलीच्या शेजारी आली आणि तिच्याहून वीतभर जास्त खोल बसली, कारण साखळ्यांचं वजन होतं. ओढाओढीत तिचा एक दांडा मोडला. मोडलेल्या गाडीसाठी नियमाप्रमाणे तिसरी जीप आली. हिच्यात ऐरण, शेगडी, घण, सगळी लोहारशाळाच मांडलेली. म्हणून ती ‘लोहारगाडी’. लोहारगाडीने मोडका दांडा तिथल्या तिथे जोडून दिला, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तोवर ती स्वतः बसली होती, एवढंच.

मष्णू शेतात रेड्यांची जोडी घेऊन चिखलणी करत होता. हैबत्या आणि गुंड्या ही त्याची जोडी. भाताचं रोप हाताला आलं होतं. शेताचा चिखल लोण्यासारखा झाला की लावणी. आणि रोप काही कुणासाठी थांबत नाही, वय गेलं की ते नुसतं गवत. तरी हातातलं काम टाकून तो बांधावर आला. शेजारी तीन गाड्या बुडत असताना चिखलणीत कुणाचं लक्ष लागणार?

काढगाडीचा हवालदार जोतिराम हा निपाणीकडचा, तंबाखूवाल्यांच्या घरातला. तो गुडघाभर चिखलात उभा राहून रुबाब सांभाळत होता.

“काळजी करू नका,” तो म्हणाला. “वर कळवलंय. दुसरी काढगाडी यायला लागलीया.”

“येऊ दे की,” मष्णू म्हणाला. “पर तिला बसवायची कुठं? जागा ऱ्हायली न्हाय.”

जोतिरामाने जागेकडे पाहिलं, मग रेड्यांकडे पाहिलं. संध्याकाळच्या आत हैबत्या-गुंड्यांनी तिन्ही गाड्या एकामागून एक रस्त्याच्या टणक भागावर आणून ठेवल्या. लोहारगाडी निघताना मात्र गुंड्याचा पुढचा पाय मुरगळला आणि तो तिथेच खाली बसला.

या तुकडीचे मुख्य कॅप्टन पर्किन्स. तरुण, सरळ माणूस. त्यांच्यात दोष एकच, दुसऱ्याचं देणं लागलं की त्यांना जेवण जात नसे. त्यांनी खिशात हात घातला. मष्णूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“पैसं नगंत, सायेब. ह्यो पैरा हाय.”

पैरा म्हणजे काय, हे जोतिरामाने साहेबांना सांगितलं. आज माझी जोडी तुझ्या शेतात, उद्या तुझी जोडी माझ्या शेतात. मध्ये पैसा आला की शेजारी शेजारी राहत नाही, मजूर होतो. सगळं गाव पावसाळाभर या एका गोष्टीवर चालतं. पैरा बुडवणाऱ्याकडे मग लग्नाला कुणी जात नाही आणि मयतीला गेलं तरी उशिरा.

“थोडक्यात, साहेब,” जोतिराम म्हणाला, “आता आपल्याला ह्याचं शेत करून द्यायला लागतंय.”

साहेब हसले. मष्णू हसला नाही. तेव्हा साहेबही थांबले.

गुंड्या गोठ्यात पडून राहिला. एका रेड्याने चिखलणी होत नाही. गावातल्या बाकीच्या जोड्या ज्याच्या त्याच्या पैऱ्यात अडकलेल्या. मधेच हात पसरणं रीतीला धरून नव्हतं. रोप रोज वाढत होतं आणि मष्णू रोज बारीक होत होता.

“पडवीत बसून काय हुतंय?” त्याची बायको बायाक्का म्हणाली. “ज्येनं पैरा घेतला त्येनंच फेडायचा. जावा कॅम्पात.”

“अगं, ते सरकार हाय.”

“मग? सरकारची गाडी रेड्यांनी वढली, तवा न्हवतं व्हय सरकार?”

मष्णू इरलं घेऊन चालत कॅम्पात गेला. फाटकावरच्या शिपायाने काम विचारलं. “पैरा मागायला आलोय,” असं मष्णूने सांगितलं. शिपाई पंजाबी होता. पैरा हे एखाद्या अधिकाऱ्याचं नाव असावं असं समजून त्याने सलाम ठोकून आत सोडलं.

पर्किन्स साहेबांना त्याला पाहून आनंदच झाला, कारण त्यांना खरोखर जेवण जात नव्हतं. पण अडचण नियमांची होती, आणि ती त्यांनी जोतिरामामार्फत समजावून सांगितली. लष्कराच्या जीपने शेत करता येत नाही. शेती हे निराळं खातं. साधी जीप सरावाला बाहेर पडू शकते. काढगाडी फक्त रुतलेल्या गाडीकडे जाऊ शकते. लोहारगाडी फक्त मोडलेल्या गाडीकडे जाऊ शकते. ज्याला मदत हवी आहे तो माणूस असेल, तर त्याच्याकडे जाण्याची कोणाचीच तरतूद नाही.

मष्णूने नीट ऐकून घेतलं. त्याला त्यात अडचण दिसेना.

“मग रुतवा की माज्या शेतात,” तो म्हणाला.

साहेबांनी जोतिरामाकडे पाहिलं, जोतिरामाने छताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ‘अतिदलदलीच्या प्रदेशातील विशेष सराव’ मंजूर झाला.

ठरल्याप्रमाणे साधी जीप बांधावरून मष्णूच्या शेतात उतरली. पण यंत्राचा स्वभाव बघा. रस्त्यावर रुतायला नको होतं तेव्हा ती बुडाशी बसली, आणि आता सरकारी हुकुमाने रुतायला सांगितलं तर ती रुतेना. ड्रायव्हर घामाघूम झाला. त्याने ती उभी नेली, आडवी नेली, गोल गोल फिरवली, मधेच थांबवून पुन्हा जोरात सोडली. चिखलाचे फवारे उडत होते, बांधावर सगळं गाव इरली पांघरून उभं होतं.

“हिकडच्या कोपऱ्यात ऱ्हायलं बगा!” बायाक्का ओरडून सांगत होती. “त्या कोपऱ्यात रुतवा वाईच!”

शेवटी जीपने माती धरली आणि एकदाची रुतली. मग काढगाडी उतरली; तिच्या चाकांनी राहिलेली ढेकळं दळली. तिचा दांडा सवयीने मोडला. मग लोहारगाडी उतरली, ती जड असल्यामुळे शेताला लेव्हलही मिळाली. मष्णूने चिखलात हात घालून बघितला. असा चिखल त्याच्या आज्याच्या काळातही झाला नव्हता. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. त्याने तिथेच खाली वाकून काढगाडीच्या चाकाला हात लावून नमस्कार केला. बायकांनी कडेने रोप लावायला सुरुवातही केली.

आता तीन गाड्या शेताच्या मधोमध. त्या काढायला गुंड्या नव्हता. रवळू आपली जोडी घेऊन आला, भरमू आला, नागोजी आला. गाड्या बाहेर निघाल्या. कॅप्टन साहेब सुटकेचा श्वास टाकून पाइप पेटवणार, तोच तिघे त्यांच्यासमोर ओळीने उभे राहिले. तिघांचेही हात पाठीमागे.

“काय म्हणतात हे?” साहेबांनी विचारलं.

“पैरा, साहेब,” जोतिराम म्हणाला.

त्या पावसाळ्यात लष्कराने रवळूचं शेत केलं, भरमूचं केलं, नागोजीचं केलं. प्रत्येक शेतातून गाड्या काढायला आणखी दोघांच्या जोड्या लागत, त्यामुळे प्रत्येक शेतामागे आणखी दोन शेतं वाढत. कॅम्पातून वर जाणारे अहवाल दिवसेंदिवस गंभीर होत गेले. शत्रू एकही नसताना इतक्या गाड्या इतक्या वेळा रुतलेला मुलूख दुसरा नव्हता. वरून शाबासकी आली, आणि अशा कठीण आघाडीसाठी आणखी एक काढगाडी आली. पुढे ब्रह्मदेशातली लढाई संपली. जांबोटीची चालू राहिली, कारण पैरे फिटायचे होते.

लवकरच मष्णूने पाय बरा झालेला गुंड्या बाजारात विकून टाकला.

“जीप असताना रेडा कशाला पोसायचा?” तो ऐटीत म्हणाला.

“जीप शेण घालती व्हय?” बायाक्काने विचारलं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं, आणि यावेळी सगळं सुरळीत. अमुक दिवशी अमुकाच्या शेतात गाडी रुतेल, हे गावकरी आणि जोतिराम देवळात बसून आधीच ठरवत. मग एक दिवस जोतिराम पडलेल्या चेहऱ्याने आला.

“मष्णूआप्पा, घात झाला. कुणीतरी मोठ्या साहेबानं नकाशा बघितला. म्हणतोय, इथं रस्ताच पक्का करून टाका. खडी घालायची, रूळ फिरवायचा.”

“आरं द्येवा!” मष्णू म्हणाला. “मग गाड्या रुतणार कशा?”

रवळनाथाच्या देवळात गाव जमलं. ज्या रस्त्यावर आषाढात बाळंतीण अडायची, पोरांची शाळा बुडायची, तो रस्ता पक्का होऊ नये यावर म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांचं एकमत झालं. इतकं एकमत त्या देवळाने आधी पाहिलं नव्हतं. खडी रेड्यांच्या खुरांना बाधते, असं गावाने कळवलं. पक्क्या रस्त्यावर दलदलीचा सराव अशक्य आहे, असं पर्किन्स साहेबांनी कळवलं. रयत आणि राज्यकर्ते एका सुरात बोलत आहेत हे पाहून वरचे साहेब गहिवरले आणि रस्ता रद्द झाला. सर्वांत मोठ्याने टाळ्या मष्णूने वाजवल्या.

त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत तुकडी मोडली. पर्किन्स साहेब विलायतेला गेले. जाताना एकही पैरा शिल्लक ठेवून गेले नाहीत, हे गाव पुढे कितीतरी वर्षं सांगत असे. जोतिराम निपाणीला तंबाखूत परतला. गाड्या लिलावात गेल्या. १९४७चा पाऊस सुरू झाला तेव्हा स्वराज्य उंबऱ्यावर आलं होतं, रोप हाताला आलं होतं, आणि मष्णूच्या गोठ्यात एकटा हैबत्या उभा होता.

अशात रस्त्यावर भोंगा वाजला. मष्णू उड्या मारत बांधावर गेला. बांधाला खेटून, त्याच जुन्या जागी, एक पांढरी जीप बुडापर्यंत बसली होती. नव्या राजवटीतले रस्त्यांचे साहेब गावाच्या गरजा पाहायला निघाले होते. अंगावर खादी, बोलणं आपलं, माणूस बेळगावचाच. बरोबर आणखीही मंडळी होती.

गाव धावलं. रेडे शेतात जुंपलेले, म्हणून माणसंच लागली. रवळूने, भरमूने, बायाक्कानेसुद्धा खांदा लावला. मागून ढकलताना मष्णूची नजर गाडीच्या पाठीवर गेली. पांढऱ्या रंगाखाली लोखंड कापल्याचे चार वण होते. त्याने ते ओळखले.

“ही आमची काढगाडी!” तो ड्रायव्हरला म्हणाला. “हिची घोडी कुठं गेली रं?”

“कापून टाकली,” ड्रायव्हर म्हणाला. “साहेबांच्या मंडळींना बसायला जागा होत नव्हती.”

घोडीच्या जागी आता बाक होता, त्यावर गादी होती आणि गादीवर मंडळी बसली होती. गाडी ढकलताना ती खाली उतरली नव्हती.

गाडी टणक जागेवर आली. साहेबांनी खिशात हात घातला नाही, त्यामुळे मष्णूला आपले हात पाठीमागे न्यावे लागले नाहीत. त्याने आपणहून सांगितलं, “सायेब, ह्यो पैरा हाय. माजं शेत तेवढं करायचं ऱ्हायलंय.”

साहेबांना पैरा समजावून सांगावा लागला नाही. ते इथलेच होते. त्यांनी मष्णूच्या खांद्यावर हात ठेवला.

“अहो, आता सरकार तुमचंच आहे. आपल्याच सरकारकडून कुणी पैरा मागतं का?” ते प्रेमाने म्हणाले. “आणि रस्त्याचं म्हणाल, तर कागदावर स्पष्ट आहे, गावाला रस्ता नको आहे. लोकांच्या इच्छेविरुद्ध आम्ही काही करणार नाही.”

बाकावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. गाडी गेली.

शेवटी रवळूने आपला एक रेडा आणून हैबत्याशेजारी जुंपला. लावणी उशिरा का होईना, झाली. रवळूचा पैरा मष्णूने त्याच आठवड्यात फेडला, आणि दिवाळीच्या सुमारास तो भात नेहमीप्रमाणे बेळगावच्या बाजारात आला आणि आपण तो आवडीने खाल्ला.

त्या बाकावर कोण कोण बसलं होतं, असं मष्णूला लोक पुढे विचारत. त्याला नीटसं सांगता येत नसे. चेहरे रुमालाआड होते, आणि चिखल लागू नये म्हणून सगळ्यांनी पाय वर घेतले होते. आपल्याला मात्र आठवत असेल. बाक अरुंद होता, तरी आपण एकमेकांना सरकून जागा दिली होती. पैरा आपल्याकडे अजून बाकी आहे.